डीएनए आणि आरएनए: एका ऑक्सिजनचा फरक आणि त्यातून निघणारं बाकीचं सगळं

प्रश्न असा आहे: "डीएनए आणि आरएनए यांतला फरक परीक्षेपुरता पाठ आहे. शर्करा वेगळी, थायमिनऐवजी युरॅसिल, दोन साखळ्यांऐवजी एक. पण इतक्या सारख्या रेणूंपैकी एक हजारो वर्षं टिकतो आणि दुसरा टेबलावर ठेवला की नासतो, हे कशामुळे? पेशीला दोन्ही लागतातच कशाला? आणि समोर दोन नळ्या ठेवल्या तर कुठली कशाची हे ओळखायचं कसं?"

पाठ्यपुस्तकातला हा फरकांचा तक्ता चुकीचा नाही. पण त्यात सगळ्या ओळी एकाच तोलाच्या दिसतात आणि खरी अडचण तिथेच आहे. शर्करेतला फरक आणि युरॅसिल-थायमिनचा फरक ही दोन मूळ कारणं आहेत. टिकाऊपणा, आकार, काम हे सगळं त्यांच्यातून निघतं. "एक साखळी की दोन" ही ओळ मात्र परिणामांमधली आहे आणि तीसुद्धा अर्धीच खरी. मी आयुष्यभर या दोन्ही रेणूंबरोबर प्रयोगशाळेत काम केलं आहे, आणि विद्यार्थ्यांना हे उलट्या क्रमाने शिकवलं जातं याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

आधी साम्य, कारण ते फार खोलवर आहे. दोन्ही रेणू न्यूक्लिओटाइडच्या लांब साखळ्या आहेत. प्रत्येक न्यूक्लिओटाइडमध्ये पाच कार्बनची एक शर्करा, एक फॉस्फेट आणि एक बेस, म्हणजे माहितीचं अक्षर ठरणारा नायट्रोजनयुक्त भाग. शर्करा आणि फॉस्फेट आलटून पालटून जोडले जाऊन कणा तयार होतो, बेस त्याला बाजूने लागतात. कण्यातला बंध दोन्हीकडे एकच: एका शर्करेचा तिसरा कार्बन, मध्ये फॉस्फेट, पुढच्या शर्करेचा पाचवा कार्बन. त्यामुळे दोन्ही साखळ्यांना दिशा असते, आणि पेशीतले पॉलिमरेज, म्हणजे साखळी जोडणारे एन्झाइम, दोन्ही साखळ्या एकाच दिशेने, ५' (पाचव्या कार्बनच्या टोका) कडून ३' (तिसऱ्याच्या टोका) कडे, वाढवतात. फॉस्फेटमुळे दोन्हींवर ऋण प्रभार असतो, म्हणून जेलमध्ये, म्हणजे रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरात, वीज सोडली की दोन्ही धन टोकाकडे धावतात. दोन्ही २६० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश शोषतात. ॲडेनिन, ग्वानिन आणि सायटोसिन हे तीन बेस सामाईक आहेत आणि जोड्या जुळण्याचा नियमही तोच: ॲडेनिनशी थायमिन किंवा युरॅसिल, ग्वानिनशी सायटोसिन. हा नियम सामाईक असल्यामुळेच डीएनएवरून आरएनए उतरवता येतो. उलटही होतं. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये आरएनएवरून डीएनए तयार करणारा एन्झाइम स्वतंत्रपणे दाखवला. विषाणूच्या चाचणीत आधी आरएनएचा डीएनए करून मग तो वाढवतात, ते याच एन्झाइमच्या जोरावर.

आता फरक. शर्करेचे कार्बन मोजले तर क्रमांक २ च्या कार्बनवर आरएनएमध्ये हायड्रॉक्सिल गट असतो, म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला लागलेला हायड्रोजन. डीएनएमध्ये तिथे नुसता हायड्रोजन. "डीऑक्सी" म्हणतात तो हाच गेलेला ऑक्सिजन. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. पण तो ऑक्सिजन कुठे बसला आहे ते पाहा: साखळीचा पुढचा दुवा ज्या तिसऱ्या कार्बनवरून जातो, त्याच्या अगदी शेजारी.

नळीत आरएनए घ्या आणि त्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाका. अल्कलीमध्ये त्या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन निघून जातो आणि मागे ऋण प्रभाराचा ऑक्सिजन उरतो. तो लगतच्या फॉस्फेटमधल्या फॉस्फरसवर हल्ला करतो. फॉस्फरसला नवा बंध मिळतो, तसा पुढच्या न्यूक्लिओटाइडशी असलेला जुना बंध तुटतो. साखळीचे दोन तुकडे होतात आणि तुटलेल्या टोकावर फॉस्फेट दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनला एकदमच जोडलेलं, कड्यासारखं राहतं. म्हणजे आरएनए तोडणारा गट बाहेरून आणावा लागत नाही. तो प्रत्येक दुव्याजवळ आधीच बसलेला असतो. हाच प्रयोग डीएनएवर केला तर दोन साखळ्या एकमेकींपासून सुटतात, पण प्रत्येक साखळी शाबूत राहते, कारण हल्ला करायला तिथे ऑक्सिजनच नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उदासीन, स्वच्छ पाण्यात थंड ठेवलेला आरएनए आपोआप भराभर तुटत नाही. टेबलावर तो नासतो त्याचं मुख्य कारण रायबोन्यूक्लिएज, म्हणजे आरएनए तोडणारे एन्झाइम. आपल्या त्वचेवर, घामात, लाळेत, धुळीतल्या जीवाणूंमध्ये, सगळीकडे ते असतात. त्यांतला सर्वांत अभ्यासलेला रायबोन्यूक्लिएज ए हा अवघ्या १२४ अमिनो आम्लांचा रेणू आहे. चार डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी तो इतका घट्ट बांधलेला असतो की उकळला तरी थंड झाल्यावर पुन्हा आकार धरून कामाला लागतो. त्याला कुठला धातूचा आयनही लागत नाही. तो करतो ते रसायन वर सांगितलेलंच: हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंच्या मदतीने त्याच दुसऱ्या क्रमांकाच्या हायड्रॉक्सिलला फॉस्फरसवर ढकलतो. डीएनए तोडणाऱ्या बहुतेक एन्झाइमना मात्र मॅग्नेशियमसारखा धातू लागतो. म्हणून डीएनएच्या द्रावणात थोडं ईडीटीए टाकलं की धातू बांधला जातो आणि ते एन्झाइम थंडावतात. आरएनएचं असं सोप्यात भागत नाही. हातमोजे बदलत राहायचे, आरएनएसाठी पिपेट आणि जागा वेगळी ठेवायची, पाण्यावर डीईपीसी या एन्झाइम निकामी करणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करायची आणि नमुना उणे ८० अंशांत ठेवायचा. ही शिस्त नव्या माणसाला जाचक वाटते, पण तिचं प्रत्येक कलम त्या एका ऑक्सिजनपर्यंत जाऊन पोचतं.

आरएनए शाबूत आहे की नाही हे जेलवर लगेच दिसतं. माणसाच्या पेशींतून काढलेला एकूण आरएनए चालवला की दोन ठळक पट्टे उमटतात, २८एस आणि १८एस, दोन्ही रायबोसोमचे, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या पेशीतल्या यंत्राचे. वरचा पट्टा खालच्याच्या जवळपास दुप्पट तेजस्वी असेल तर समाधान मानावं. नमुना नासायला लागला की आधी वरचा पट्टा फिका होतो, दोन्हींची धार जाते आणि खाली धुरकट लोळ पसरतो. या दोन पट्ट्यांत जनुकाची माहिती रायबोसोमकडे नेणारा संदेशवाहक आरएनए दिसत नाही, कारण तो एकूण आरएनएच्या जेमतेम काही टक्केच असतो. ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या रायबोसोमच्या आरएनएचा. पाठ्यपुस्तकात संदेशवाहक आरएनएला सर्वांत जास्त जागा मिळते, पण पेशीत त्याचा वाटा इतका लहान.

डीएनए किती टिकतो? सैबेरियातल्या गोठलेल्या जमिनीत सापडलेल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ग्रीनलँडमधल्या गाळातून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचं पुढच्याच वर्षी. दोन्ही ठिकाणी तो तुकड्यातुकड्यांत होता, पण वाचता आला. जुना आरएनए मिळणं त्या मानाने फार दुर्मीळ. २०२३ मध्ये संग्रहालयात जपलेल्या, सुमारे १३० वर्षं जुन्या थायलसिनच्या, म्हणजे नामशेष झालेल्या टास्मानियन वाघाच्या ऊतींतून आरएनए वाचला गेला, तेव्हा तीच मोठी बातमी ठरली.

दुसरा मूळ फरक बेसचा. युरॅसिल आणि थायमिन यांत फरक फक्त एका मिथाइल गटाचा. दोन्ही ॲडेनिनशीच जोडी जमवतात. मग डीएनएने हा जास्तीचा गट बाळगायचा कशासाठी? तोही फुकट मिळत नाही. पेशी तो फोलेट या जीवनसत्त्वाच्या मदतीने एका खास एन्झाइमकरवी जोडते. ५-फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगावरचं जुनं औषध हाच एन्झाइम अडवतं. मिथाइल गट मिळाला नाही की थायमिन नाही, थायमिन नाही तर नवा डीएनए नाही, आणि भराभर विभाजन पावणाऱ्या पेशी तिथेच अडकतात.

उत्तर सायटोसिनच्या दुबळेपणात आहे. पाण्यात असलेल्या सायटोसिनचा अमिनो गट अधूनमधून आपोआप गळतो, आणि गळला की उरतं ते युरॅसिल. माणसाच्या एका पेशीत दिवसाला अशा शंभरच्या वर घटना होतात असा अंदाज आहे. डीएनएमध्ये मुळातच युरॅसिल वापरलं असतं, तर दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला कुठलं युरॅसिल अस्सल आणि कुठलं सायटोसिन बिघडून झालेलं हे कळलंच नसतं. डीएनएमध्ये अधिकृत बेस थायमिन असल्यामुळे नियम सोपा होतो: युरॅसिल दिसलं की काढून टाका. हे काम करणारा एन्झाइम टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधला. डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. आरएनएला ही काळजी न घेणं परवडतं, कारण त्याच्या प्रती अनेक असतात आणि त्या लवकरच मोडीत निघतात.

या व्यवस्थेत एक फट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या डीएनएमधल्या काही सायटोसिनवर पेशी स्वतःहून मिथाइल गट लावते, जनुकं बंद ठेवण्यासाठी. अशा सायटोसिनचा अमिनो गट गळला तर तयार होतं थेट थायमिन, म्हणजे डीएनएचा अधिकृत बेस. दुरुस्ती यंत्रणेला ते ओळखणं अवघड जातं. म्हणून सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन येणाऱ्या जागा माणसाच्या जनुकसंचात अपेक्षेपेक्षा खूपच कमी उरल्या आहेत, आणि उरलेल्या जागी उत्परिवर्तनं नेमकी जास्त सापडतात. मिथाइल गटाचा उपयोग किती खरा आहे, हे तो जिथे फसतो तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

आता ती "एक साखळी की दोन" ही ओळ. पेशीतला डीएनए जवळजवळ नेहमी दुहेरी असतो हे खरं. पण पार्व्होविषाणूंचा जनुकसंच एकेरी डीएनएचा असतो, आणि रोटाविषाणूचा दुहेरी आरएनएचा, अकरा तुकड्यांत. शिवाय आपल्या पेशीतला "एकेरी" आरएनए सरळ दोऱ्यासारखा क्वचितच राहतो. तो स्वतःवरच दुमडतो आणि स्वतःच्याच लांबच्या भागाशी जोड्या जमवतो. अमिनो आम्लं वाहून आणणारा वाहक आरएनए सुमारे ७६ न्यूक्लिओटाइडचा असतो, आणि त्यातले निम्म्याहून अधिक बेस जोडीत असतात. बदललेल्या बेसचीही त्यात रेलचेल असते. इतकी, की एका ठरावीक वळणावर चक्क थायमिन असतं, तेही आरएनएमध्ये. तेव्हा "आरएनएमध्ये थायमिन कधीच नसतं" असं लिहू नका, "सहसा नसतं" लिहा.

दुहेरी झाल्यावरही दोघांचा पीळ वेगळा असतो. दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला जागा लागते, त्यामुळे आरएनएमधली शर्करा वेगळ्या बाजूला वाकते आणि सर्पिल आखूड, जाड होतं. त्याला ए-रूप म्हणतात, एका वेढ्यात सुमारे अकरा जोड्या. डीएनए नेहमीच्या ओल्या परिस्थितीत बी-रूपात असतो, वेढ्याला साधारण साडेदहा जोड्या. त्याची मोठी खाच रुंद असते, आणि जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं त्या खाचेत शिरून साखळ्या न उलगडता बेसचा क्रम ओळखतात. आरएनएच्या सर्पिलात तीच खाच खोल आणि अरुंद असते, प्रथिनाला आत शिरायला वावच कमी. शोधता येईल असा साठा म्हणून डीएनए सोयीचा पडतो त्याचं हेही एक कारण.

आरएनएला दुमडता येतं म्हणून त्याला काम करता येतं. १९८२ मध्ये थॉमस चेक यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात स्वतःचाच मधला तुकडा कापून टाकणारा आरएनए दाखवला, आणि सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने पुढच्याच वर्षी दुसरं उदाहरण दिलं. दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. तोवर एन्झाइम म्हणजे प्रथिनच असं मानलं जायचं. पुढे २००० मध्ये रायबोसोमची रचना अणूच्या पातळीवर दिसली तेव्हा कळलं की अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जातात त्या जागी प्रथिन जवळपास नाहीच, आहे तो आरएनए. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन आरएनएने जोडलेलं आहे. या रचनांसाठी व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं. डीएनएचे रासायनिक काम करणारे तुकडे प्रयोगशाळेत बनवता आले आहेत, पण सजीवांमध्ये डीएनए ते काम करताना दिसत नाही.

दोन्ही लागतात कशाला, याचं उत्तर इथून पुढे सरळ आहे. जपून ठेवण्याची माहिती आणि आज वापरायची माहिती यांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. माणसाच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या साधारण दोनच प्रती असतात आणि त्या आयुष्यभर पुरवायच्या असतात. म्हणून डीएनएची नक्कल करताना तपासणी आणि दुरुस्ती धरून चूक अब्जात एखादी राहते. आरएनए उतरवताना लाखात एखादी चूक झाली तरी चालतं. एखाद्या जनुकाच्या आरएनएच्या हजारो प्रती काढता येतात, आणि गरज संपली की त्या मोडता येतात. हे मोडणं महत्त्वाचं आहे. जीवाणूंचा संदेशवाहक आरएनए काही मिनिटांत जातो. आपल्याकडे वाढीचा इशारा मिळताच उमटणारा फॉस जनुकाचा संदेश पंधरा-वीस मिनिटांत निम्मा होतो, तर हिमोग्लोबिनचा संदेश कित्येक तास टिकतो. संदेश टिकाऊ असता तर वाढीचा इशारा थांबल्यावरही पेशी वाढतच राहिली असती. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांचा डीएनए तोच असतो, वेगळी असते ती आरएनएची यादी. म्हणून "या माणसात हा दोष आहे का" हे डीएनएला विचारायचं, आणि "ही पेशी सध्या काय करते आहे" हे आरएनएला.

आरएनएचा नाजूकपणा औषधातही उपयोगी पडतो. लसीतला संदेशवाहक आरएनए काम झाल्यावर शरीरात मोडून जातो. मात्र बाहेरून आलेला साधा आरएनए आपली प्रतिकारशक्ती विषाणूचा समजून भडकते. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की युरिडिनच्या (युरॅसिल आणि शर्करा मिळून होणाऱ्या घटकाच्या) जागी त्याचं बदललेलं रूप स्यूडोयुरिडिन वापरलं की हा भडका शमतो. २०२३ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी. कोविडच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या आरएनए लसींमध्ये याच जातीतला बदललेला बेस आहे.

आधी कोण, असंही विद्यार्थी विचारतात. पेशीच्या आतच एक मोठा पुरावा आहे. पेशी डीएनएचे घटक मुळापासून बनवत नाही. ती आधी आरएनएचे न्यूक्लिओटाइड बनवते, मग रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हा एन्झाइम त्यांतला दुसऱ्या क्रमांकावरचा ऑक्सिजन काढतो. थायमिनही युरॅसिलला मिथाइल लावूनच होतं. डीएनएची नक्कल सुरू करायलासुद्धा आरएनएचा छोटा तुकडा लागतो, कारण डीएनए पॉलिमरेज कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही. आरएनए पॉलिमरेज करू शकतो. हे सगळं पाहता डीएनए हा आरएनएवरून पुढे घडलेला, साठवणीसाठी पक्का केलेला रेणू आहे असं मानणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे.

राहिल्या त्या दोन नळ्या. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर शुद्ध डीएनएला १.८ च्या आसपास आणि शुद्ध आरएनएला २.० च्या आसपास येतं, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. पीएच बदलला किंवा थोडं प्रथिन मिसळलेलं असलं की आकडा सरकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत रंगाची चाचणी पुरते: डायफिनाइलअमाइनने डीएनएला निळा रंग येतो, ऑर्सिनॉलने आरएनएला हिरवा, कारण दोन्ही चाचण्या शर्करा ओळखतात. माझी पसंती मात्र एन्झाइमना. प्रत्येक नळीतला थोडा भाग घ्या, त्याचे तीन वाटे करा. एकात काही टाकू नका, दुसऱ्यात रायबोन्यूक्लिएज ए टाका, तिसऱ्यात मॅग्नेशियमसह डीऑक्सिरायबोन्यूक्लिएज, म्हणजे डीएनए तोडणारा एन्झाइम. अर्धा तास ३७ अंशांवर ठेवून तिन्ही वाटे जेलवर शेजारी शेजारी चालवा. दुसऱ्या वाट्यातला पट्टा नाहीसा झाला तर आरएनए, तिसऱ्यातला झाला तर डीएनए. पट्टे दोन असतील आणि प्रत्येक एन्झाइमने त्यांतला एकेकच जात असेल, तर नळीत दोन्ही मिसळलेले आहेत, आणि आरएनए मोजण्याआधी त्यातला डीएनए काढावा लागेल.